खारातला फेल्स्पार

"दगड दे," हे म्हणाले.

"कोणता?" मी विचारलं.

सकाळच्या गाडीने कोल्हापूरहून आले होते. एक पाय पायरीवर, एक पाय अंगणात, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. माझा प्रश्न ऐकून त्यांनी वरचा पाय पुन्हा खाली घेतला.

"कोणता म्हणजे? राणीसरकारांचा. जाताना काय सांगून गेलो मी? वाळला की फडक्यात गुंडाळून कपाटात ठेव."

"मी गेले होते उचलायला. कठड्यावर नव्हताच. मला वाटलं, तुम्हीच जाता जाता म्युझियममध्ये ठेवून गेलात."

"मला वाटलं, तू कपाटात ठेवलास."

मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. लग्न नवीन होतं, त्यामुळे एकमेकांकडे बघत उभं राहायची सवय होती, पण ती वेगळ्या कारणाची.

आता तुम्हाला तो दगड कोणता ते सांगते, नाहीतर म्हणाल, एका दगडासाठी म्हातारीने केवढं पुराण लावलं. आमचं गाव संस्थानी. नाव सांगत नाही, सोयरे अजून तिथे नांदतात. संस्थान विलीन झालं तेव्हा राजेसाहेबांनी जुन्या पागेत एक म्युझियम काढून दिलं होतं. गावाच्या तोंडी अजबखाना. त्यात एक पालखी, ढाली-तलवारी, पेंढा भरलेला बिबट्या आणि दगडांची तीन-चार कपाटं. हे त्या दगडांचे राखणदार. पुण्याला जाऊन दगडांचं शिकून आले होते. लोक शिकून वकील होतात, डॉक्टर होतात, आमच्या नशिबी दगड. माझे वडील लग्नाच्या आधी म्हणाले होते, मुलगा चांगला आहे, फक्त त्याच्या खिशात हात घालू नकोस, बोटं ठेचतील.

तर राणीसरकारांच्या बागेत विहीर खणताना हा दगड निघाला होता. अर्ध्या नारळाएवढा. रंग असा, की दुधात चुकून चिमूटभर कुंकू पडावं. बाजू इतक्या सरळ की सुताराने रंधा मारून दिल्यासारख्या. आणि मजा म्हणजे तो एक नव्हता. दोन स्फटिक एकमेकांच्या कुशीत शिरून वाढलेले. हे त्याला 'जुळा' म्हणायचे, तेही अशा कौतुकाने की बारसं करायचंच तेवढं राहिलं होतं. राणीसरकारांनी तो म्युझियमला दिला आणि ह्यांनी त्याच्यापुढे चिठ्ठी लावली: फेल्स्पार.

तिथेच भांडण सुरू झालं. म्युझियमच्या मंडळाचे चिटणीस होते तात्या आजगावकर. रिटायर हेडमास्तर. आवाज असा, की एकदा ते रागावले तेव्हा पेंढा भरलेल्या बिबट्याने डोळे मिटून घेतलेले मी स्वतः पाहिलेत. तात्यांचं म्हणणं, हा फेल्स्पार नव्हेच, हा चुनखडीचा स्फटिक. सकाळी हे आपली चिठ्ठी लावत, दुपारी तात्या येऊन ती उलटी करत आणि वर आपली ठेवत. लोक दगड बघायला कमी आणि आज कोणाची चिठ्ठी वर आहे ते बघायला जास्त यायचे.

हे म्हणाले, एवढं कशाला, चुनखडीवर अ‍ॅसिडचा थेंब टाकला की ती फसफसते, टाकून बघू. तात्या म्हणाले, राणीसरकारांची देणगी आहे, तिच्यावर ना ओरखडा पडेल ना थेंब. म्हणजे नवरीला बघायला जायचं आणि पदर वर करू द्यायचा नाही. शेवटी मंडळाने ठरवलं, पुण्याच्या प्रोफेसर मुजुमदारांना बोलवायचं. ते सांगतील ते खरं. ह्यांचं खरं ठरलं तर नोकरी कायम. खोटं ठरलं तर ज्याला दगड ओळखता येत नाही तो राखणदार काय कामाचा, ह्यांनी घरी बसायचं. तात्यांचा एक भाचा तालीम करून रिकामा बसलाच होता.

आणि ह्यांना दुसरं काही येत नव्हतं हो. नोकरी गेली की मामेसासऱ्यांच्या सुपारीच्या वखारीत बसायचं एवढंच उरलं होतं. ह्या माणसाला सुपारी फोडली तरी आतले पट्टे मोजायची खोड. वखारीचं दिवाळं आणि ह्यांचं वेड एकदमच पूर्ण झालं असतं.

म्हणून प्रोफेसर यायच्या आधी ह्यांनी दगड धुवायला घरी आणला होता. रिठ्याच्या पाण्याने मी घासला, विहिरीच्या कठड्यावर वाळत ठेवला, आणि त्याच दिवशी मंडळाने ह्यांना कपाटांच्या काचा करून आणायला कोल्हापूरला पाठवलं. आठ दिवसांचं काम म्हणता म्हणता पंधरवडा झाला, तोवर म्युझियमला कुलूप. आज काचा आल्या, हे आले, दुपारी प्रोफेसर येणार, आणि दगड नाही.

आम्ही गोठा बघितला, भाताची कणगी उपसली, कोंबडीला खुराड्यातून उठवलं. ती अंड्यावर बसली होती, तिने जी नजर दिली ती मी अजून विसरले नाही. आणि कणगीत खांद्यापर्यंत हात घालून बसलेली असताना मला आठवलं, की पंधरवड्यापूर्वी सासूबाईंनी माझं कौतुक केलं होतं.

सासूबाईंना सगळे जीजी म्हणत. जीजी कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या. देवालासुद्धा त्या 'बरा आहेस' एवढंच म्हणत असतील. त्या दिवशी मात्र मला म्हणाल्या होत्या, "न सांगता कळलं हो तुला. शिकशील." मला वाटलं सोलकढी जमली. मी त्या भरात तीन दिवस सोलकढी केली होती.

जीजी माजघरात वाती वळत होत्या. मी विचारलं, कठड्यावर मी एक दगड ठेवला होता, तुम्ही पाहिलात का.

"अगो, पाहिलात काय म्हणून विचारतेस? चैत्र लागल्यापासून सांगतेय, खारातल्या कैऱ्यांना दडपण बघ, जुनं पिचलंय. तर तू आणलास, घासलास, वाळत घातलास. घातला बरणीत. काय गुणी दगड आहे. बुडाशी सपाट, वर धरायला कोपरा. असा दगड माझ्या माहेरीसुद्धा नव्हता."

तुमच्या घरी लोणचं दुकानातून येत असेल तर सांगते. कोवळ्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात, म्हणजे खारात, घालायच्या आणि वर स्वच्छ दगड ठेवायचा. त्याला म्हणायचं दडपण. ते नसलं तर कैऱ्या तरंगतात, आणि तरंगलेली कैरी नासते. बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा आणि बरणी काळोख्या कोपऱ्यात. जीजींची बरणी सोवळ्यातली. आंघोळ करून ओलेत्याने त्याच हात लावणार. मी पंधरा दिवस त्या कोपऱ्यावरून केर काढत होते आणि आत राणीसरकारांचा दगड कैऱ्या दाबून बसला होता.

ह्यांनी भिंतीला हात टेकला. म्हणाले, "आई, तो म्युझियमचा दगड आहे. राणीसरकारांनी दिलेला."

"मग बरंच की," जीजी म्हणाल्या. "माझ्या कैऱ्यांनी काही त्यांना कमीपणा आणलेला नाही."

मी कोपऱ्याकडे धावले. कोपरा रिकामा.

बरणी वत्सूकडे धाडली, असं जीजींनी वातीवरची नजर न काढता सांगितलं. वत्सू म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. खाडीपलीकडे दिलेली. दिवस गेले होते, डोहाळे आंबटाचे, म्हणून काल संध्याकाळीच गड्याच्या डोक्यावरून बरणी गेली होती, दडपणासकट.

ह्यांना एसटी स्टँडवर प्रोफेसरांना घ्यायला जाणं भाग होतं. जाताना माझ्याकडे असं बघून गेले, की बुडणारा माणूस सुद्धा काठावरच्याकडे इतक्या आशेने बघत नसेल. मी पदर खोचला आणि होडी गाठली.

वन्संच्या घरी पोचले तर त्या मागल्या पडवीत पाय पसरून बसलेल्या. बरणी दोन पायांच्या मध्ये. एका हातात कैरी, दुसरा हात बरणीच्या गळ्यावर, जशी पोलिसाने चोराची मानगूट धरावी. चार मुली आसपास उभ्या होत्या, पण बरणीपासून हातभर लांब. त्यांना अनुभव असावा.

मी म्हटलं, वन्सं, आतला दगड तेवढा द्या. त्या म्हणाल्या, दगड काढला की कैऱ्या वर येतील, वर आल्या की बुरा धरेल, बुरा धरला की मी काय खाऊ. दुसरा दगड घाला म्हटलं तर म्हणाल्या, आईने घातलेलं दडपण काढून रस्त्यावरचा दगड घालू? आणि वर, डोहाळतुलीच्या तोंडचं काढून नेलं की पोराचा कान फुटतो, हे तुला तुझ्या आईने शिकवलं नाही का, ही विचारणा.

आता काय करणार. सत्य होतं, पण सत्य हे असं सुरुवातीलाच वापरायची माझी रीत नव्हती.

मी त्यांच्याजवळ सरकून बसले आणि आवाज खाली नेला. म्हटलं, हे सांगायचं नव्हतं, पण तो दगड साधा नाही, जुळा आहे. जोडकेळ्याचं काय असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. राणीसरकारांच्या बागेत तो निघाला त्या साली तिथल्या गाईला दोन वासरं झाली. माळ्याच्या बायकोने दगडावरून नुसतं पाणी ओतून घेतलं, तर तिला जुळं. आणि ज्या विहिरीतून तो निघाला तिला झरेसुद्धा दोन, एक गोड आणि एक त्याच्या मागोमाग आलेला. त्याच्याखाली दबलेल्या कैऱ्या खाताय तुम्ही.

वन्सं चघळायच्या थांबल्या.

"जुळं?"

"जुळं."

"दोन्ही एका खेपेत?"

"एका खेपेत."

वन्संनी बाठ चोखून अंगणात फेकली आणि बरणीला दोन्ही हातांनी मिठी मारली. "मग तर मुळीच देत नाही. पाचवं आणि सहावं एकदाच उरकलं तर मी सुटेन तरी." आणि थोरल्या मुलीला म्हणाल्या, आणखी एक काढून दे गो, खालची.

(पुढे मुलगा झाला. एकच, पण भूक दोघांची.)

त्या दिवशी मला कळलं, की थाप मारताना समोरच्याला कशाची भीती आहे ते आधी विचारून घ्यावं. मी हरले आणि खरं सांगितलं. म्हटलं, तो म्युझियमचा दगड आहे, दुपारी पुण्याचा प्रोफेसर येतोय, दगड दिसला नाही तर ह्यांची नोकरी जाईल आणि ह्यांच्यावर चोरीचा आळ येईल.

वन्संनी हातातली कैरी खाली ठेवली. त्यांनी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढवलेलं.

"पदूची नोकरी?" त्या म्हणाल्या. "मग हे आधी बोलायचं. इतका वेळ गाईची वासरं कसली मोजत बसलीस?"

पण दगड बाहेर काढायला त्या तयार नव्हत्याच. दगड बरणीत राहील, बरणी माझ्यापाशी राहील आणि मी तुझ्याबरोबर येईन, प्रोफेसरला काय बघायचं ते बघून घेऊ दे, मग परत आत, असं त्यांनी ठरवलं. वन्संनी ठरवलं की भरती-ओहोटीसुद्धा विचारून येत असे.

आम्ही होडीत बसलो. मध्ये वन्सं, त्यांच्या मांडीत बरणी, बरणीवर दादरा. वाटेत दोनदा दादरा सुटला आणि दोनदा बांधला गेला. खाराचा तो वास पाण्यावर पसरला आणि मासे होडीच्या मागे शाळेची पोरं चालावीत तसे रांगेने यायला लागले. होडीवाला म्हणाला, बाई, एक कैरी पाण्यात टाका, आज जाळं टाकायला नको. वन्सं म्हणाल्या, त्यांना सांग, घरी जाऊन आपल्या आईकडे मागा.

अजबखान्यात शिरलो तेव्हा प्रोफेसर मुजुमदार येऊन बसले होते. उंच, हाडकुळे, हातात कोकम सरबताचा पेला. मोजकं बोलणारा माणूस. त्यांच्यासमोर नव्या काचेचं कपाट, आत मखमल, मखमलीवर दोन चिठ्ठ्या, एकीवर फेल्स्पार, दुसरीवर चुनखडी, आणि मधे जिथे दगड असायचा तिथे एक खळगा. तात्या त्या खळग्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होते. 'देणगी', 'विश्वास', 'पोलीस' एवढे शब्द मला दारातूनच ऐकू आले. हे बिबट्याशेजारी उभे होते. दोघांत बिबट्या जास्त जिवंत वाटत होता.

"आणला," मी दारातूनच म्हटलं. "धुवायला घरी नेला होता."

पालखीच्या आडोशाला वन्संनी दादरा सोडला, कोपरापर्यंत हात घातला आणि दगड वर काढला. मी पदराने खसाखसा पुसला आणि नेऊन मखमलीवर ठेवला. काय दिसत होता म्हणून सांगू. आधी त्याच्या कडेला गंजासारखे पिवळट डाग होते, ते गेलेले. नव्या नवरीसारखा गुलाबी.

प्रोफेसरांनी तो उचलला. भिंग लावलं, उजेडाकडे धरला, फिरवला. बराच वेळ. मग म्हणाले, मला जे वाटतं ते मी सांगू शकतो, पण तात्यासाहेब, माझं वाटणं तुम्हाला पुरेल का. तात्या म्हणाले, वाटणं आम्हालाही येतं, पुरावा पाहिजे. प्रोफेसर म्हणाले, चाकूने जरा खरवडून बघू. तात्या म्हणाले, ओरखडा नाही. मग अ‍ॅसिडचा एक थेंब. तात्या म्हणाले, राणीसरकारांच्या दगडावर थेंब पडेल तो माझ्या अंगावरून.

प्रोफेसरांनी सुस्कारा सोडला. आणि दगड तोंडाशी नेऊन चाटला.

ही दगडवाल्या लोकांची रीत आहे. ओला केला की दगडाचा खरा रंग उघडतो, आणि थुंकी कुठेही मिळते. आमच्या लग्नानंतर हे मला पहिल्यांदा नदीवर घेऊन गेले होते, तेव्हा तिथला एक गोटा उचलून त्यांनी चाटला होता आणि मी परत माहेरी जायची वाट मनात पक्की करून ठेवली होती. पण त्या दिवशी ती रीत माझ्या लक्षातच राहिली नव्हती. पदराने पुसला होता, धुतला कुठे होता?

प्रोफेसर थांबले. पुन्हा चाटला. या खेपेला सावकाश.

"मीठ," ते म्हणाले.

ह्यांनी डोळे मिटले. तात्या पुढे सरकले. आता कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि आमच्या घरात ते काम माझ्याकडे होतं.

मी म्हटलं, असणारच मीठ. राणीसरकारांची बाग खाडीच्या तोंडाशी. तिथली विहीर खणली तेव्हा उधाणाचं पाणी आत आलं. असं उधाण की नारळीच्या शेंड्यावर खेकडे चढले होते. ते खारं पाणी वर्षानुवर्षं त्या दगडात मुरलं, त्यामुळे तो अजून घाम गाळतो. अवसेला जरा जास्तच. आम्ही पुसून पुसून दमलो.

प्रोफेसरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मान सुद्धा हलवली.

"आणि हिंग?" त्यांनी विचारलं.

"हिंग?"

"उधाणाच्या पाण्यात हिंग कुठून आला?"

हिंगाचं मला सुचेना. दोन क्षण मिळाले असते तर तेही सुचलं असतं, एक काबुली गलबत खडकावर फुटताना मला दिसायलाही लागलं होतं. पण पालखीमागून वन्संचा आवाज आला.

"हिंग आमची आई घालते. खडा हिंग. पूड घालत नाही."

आणि त्या बरणी कमरेवर घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाटलं, पाहुण्याने कृती विचारली.

तात्यांना सगळं एकदम उमगलं. त्यांचा आवाज चढत गेला, पागेच्या आढ्यावरची कबुतरं उडाली. राणीसरकारांची देणगी लोणच्यात, म्हणाले. हा राखणदार की आचारी, म्हणाले. आजच्या आज ह्याला काढा, नाहीतर मी राजीनामा देतो, म्हणाले.

प्रोफेसरांनी ह्यांच्याकडे बघितलं. "खरं आहे?"

आमच्या ह्यांना थाप मारता येत नसे. मी आयुष्यभर शिकवत राहिले, जमलं नाही. ते म्हणाले, "खरं आहे, सर. धुवायला मीच घरी नेला. आईला माहीत नव्हतं, तिने दडपण म्हणून बरणीत घातला. पंधरवडा कैऱ्यांच्या खारात होता. चूक माझी."

सुपारीच्या वखारीचा वास मला यायला लागला होता.

मग प्रोफेसर उठले आणि वन्संसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, बाई, जरा बघू. वन्संनी आधी त्यांचे हात बघितले, मग बरणी पुढे केली, पण सोडली नाही. प्रोफेसरांनी सरबताच्या चमच्याने थोडा खार घेतला आणि जिभेवर ठेवला. त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. खांदा वर गेला. जीजींच्या कैऱ्या होत्या त्या, दात आंबले की संध्याकाळपर्यंत भात चाववत नसे.

"मीठ जरा कमी आहे," ते म्हणाले.

"बरोबर आहे मीठ," वन्सं म्हणाल्या. "पुण्यातल्या माणसाला काय कळतंय."

ते हसले नाहीत, पण त्यांनी आणखी अर्धा चमचा घेतला. मग दगड पुन्हा उचलला, भिंगातून एकेक कड बघितली, कडेवरून अंगठा फिरवला आणि तात्यांना जवळ बोलावून भिंग त्यांच्या हातात दिलं.

"तात्यासाहेब, तुमच्या मते हा चुनखडीचा. चुनखडी आंबटात पडली की काय होतं?"

तात्या हेडमास्तर होते. उत्तर येत असताना गप्प बसणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "फसफसते. झिजते," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय म्हणालो.

"ह्या खारात पंधरवडा?"

तात्यांनी भिंगातून बघितलं. कडा जशाच्या तशा होत्या, विळीच्या पात्यासारख्या. त्यांनी दगड फिरवला. दुसऱ्या बाजूने बघितलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं. त्या माणसाने दगड खूप मन लावून बघितला, हे मी कबूल करते. आणि मग हळू आवाजात म्हणाले, पण थेंब टाकायचा नाही असं ठरलं होतं.

"थेंब कोणी टाकलाय?" प्रोफेसर म्हणाले. "बुडवून ठेवला होता."

त्यांनी स्वतःच्या हाताने चुनखडीची चिठ्ठी उचलून खिशात टाकली. फेल्स्पारची राहिली. मंडळाला मी तसं लिहीन, म्हणाले, आणि ह्यांची नोकरी कायम करायला माझी हरकत नाही. मात्र इथून पुढे म्युझियममधली वस्तू घरी जाता कामा नये, कोणत्याही कारणाने. हे नुसतेच मान हलवत राहिले. मला रडू येत होतं, म्हणून मी बिबट्याची मिशी सरळ करत होते.

"झालं ना बघून?" वन्सं म्हणाल्या. "आणा इकडे. कैऱ्या वर आल्यात."

प्रोफेसर म्हणाले, तो आता मिळणार नाही, पण थांबा, आणि कपाटातून एक पांढरी गारगोटी काढून त्यांच्यापुढे धरली. म्हणाले, ही घाला, हिलाही काही होणार नाही.

वन्संनी हात पुढे केला. तेवढ्यात आमचे हे, कायम होऊन पान खायचा वेळसुद्धा झाला नव्हता, मध्ये येऊन उभे राहिले.

"नाही, सर. म्युझियमची वस्तू बाहेर जाणार नाही."

"पदू," वन्सं म्हणाल्या.

"कोणत्याही कारणाने, ताई."

वन्संनी त्यांच्याकडे बघितलं. लहानपणी ज्या नजरेने त्यांचं नाक पुसलं असेल, तीच नजर. मग कपाटाची नवी काच सरकवली, मखमल बाजूला केली, बरणी आत ठेवली, दगड उचलून बरणीत सोडला आणि वर दादरा बांधला.

"नाही ना जाणार वस्तू बाहेर? मग बरणी आत राहील. मी येत जाईन."

सगळे प्रोफेसरांकडे बघायला लागले. त्यांनी खूप विचार केला. मग म्हणाले, हरकत नाही, प्रयोग चालू आहे असं लिहितो.

आणि म्हणून, तुम्ही माना की मानू नका, त्या वर्षी आमच्या अजबखान्यात पालखीपेक्षा, तलवारींपेक्षा आणि बिबट्यापेक्षा जास्त गर्दी त्या बरणीपुढे होई. वन्सं रोज दुपारी होडीने येत, कपाट उघडत, स्टुलावर बसून कैरी खात. जीजी आठवड्याला नवा घाणा घालून धाडत, कारण सरकारी कपाटात आपली बरणी आहे हे त्यांनी साऱ्या आळीला सांगून झालं होतं. शाळांची पोरं रांगेने यायची आणि दगड दाखवायला येत ते तात्या. हे बोलताना अडखळत, तात्यांचा आवाज शेवटच्या पोरापर्यंत जायचा.

"नीट बघा," तात्या दादरा सोडून सांगायचे. "अस्सल फेल्स्पार. चुनखडी असती तर ह्या खारात केव्हाच विरघळली असती. काही अडाण्यांना तशी शंका होती."

मग पोरं बिबट्याकडे पळाली, की खालच्या आवाजात वन्संना म्हणायचे, "ताई, एक द्या बघू. खालची."